उजव्या अंगठ्याचं नख

६ जुलै १९८१

"आई, तो नाही! तो आमचा टॉवेल आहे!"

आमचा! आणि तेही रंभाबाईसमोर! मी तोंड धुऊन ओल्या चेहऱ्यानं उभी, आणि सूनबाईनं हातातला टॉवेल ओढून घेतला. ओढून! मग दुसरा आणून दिला — पिवळा. त्याच्यासाठी न्हाणीच्या भिंतीवर वेगळा खिळा ठोकलाय. विश्वनाथनं ठोकला. म्हणजे माझं पोरगंही सामील आहे!

गुन्हा काय माझा? उजव्या अंगठ्याचं नख. पिवळं पडलंय, जाड झालंय, कडेनं भुगा होऊन निघतंय. पावसाळ्यात कोणाचं काय होत नाही? पण सुनेनं, वच्छलानं, परवा धंतोलीच्या चामडीच्या डॉक्टरकडे नेलं, आणि तो म्हणाला, बुरशी आहे. शिळ्या भाकरीला लागते ती! झालं. तेव्हापासून माझा टॉवेल वेगळा, नेलकटर वेगळं, साबणाची वडीसुद्धा वेगळी.

रंभाबाई शेजारची. पंचवीस वर्षांची ओळख. तिनं पदर तोंडाशी नेला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इंदोरा वस्तीत झालं असेल — यमुताईला सुनेनं वेगळं काढलं.

७ जुलै

डोकं अजून शांत नाही.

मी कोण आहे हे हिला माहीत नाही काय? गावच्या शाळेत पहिली ते चौथी मी वर्गाबाहेर बसून शिकले. खिडकीतून फळा दिसायचा तो अर्धा. अर्ध्या फळ्यावर शिकून मी नागपुरात मास्तरीण झाले, तीस वर्षं कार्पोरेशनच्या शाळेत पोरं शिकवली. छप्पन साली त्या एवढ्या माणसांत उभी राहून दीक्षा घेतली, त्या दिवशी ठरवलं होतं — या जन्मात आता मला कोणी वेगळं बसवणार नाही. 'वेगळं' हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं.

आणि म्हणतं कोण? पाटलाची लेक! दोन वर्षांपूर्वी विश्वनाथशी कोर्टात लग्न केलं, तर हिच्या बापानं गावभर सांगितलं, "पोरगी मेली आमाले." मी घेतलं घरात. मी! आमच्या वस्तीतल्याही चार बायका नाकं मुरडत होत्या, तरी घेतलं. आता रक्त बोलून राहिलं. कॉलेजात जाऊन आली तरी पाटलाची ती पाटलाचीच.

डॉक्टरकडे हिनं काय केलं तेही लिहून ठेवते. तिसरा महिना चालू आहे तिला. डॉक्टर माझ्याशी बोलत होता, तर मध्येच ही — "डॉक्टरसाहेब, बाळ झाल्यावर आईच न्हाऊ घालतीन. चालते का?" तो म्हणाला, नख साफ झालं की खुशाल घालू द्या, तोवर बाळाचं तेलपाणी या हातानं नको.

घ्या! स्वतः नाही म्हणायची छाती नव्हती, म्हणून डॉक्टरच्या तोंडून वदवून घेतलं. या गल्लीतली निम्मी पोरं माझ्या पायांवर न्हाली आहेत. कोणाचं नाक बसवलं, कोणाचं चपटं डोकं गोल केलं. बाळंतिणी स्वतः न्यायला यायच्या मला. आणि माझ्या नातवंडाला मी हात लावायचा नाही! हे मी होऊ देणार नाही.

९ जुलै

औषध आणलं सीताबर्डीवरून. इवलीशी बाटली, झाकणाला आतून ब्रश. नखांना रंग लावतात ना पोरी, तशी. उभ्या आयुष्यात कधी नख रंगवलं नाही, आता पेन्शनीत गेल्यावर हे सोंग!

आधी नख जाईल तितकं कापायचं. मग पट्टीनं घासून पातळ करायचं. पांढरा भुगा निघतो, तो कागदात धरून जाळायचा. हात खडखडीत कोरडा करायचा. मग औषध. मग वाळेपर्यंत अंगठा वर धरून बसायचं, कोणाला ठेंगा दाखवल्यासारखं. कडेच्या चामडीला वेगळं मलम. सकाळी आणि संध्याकाळी. एक दिवस चुकवायचं नाही. वास तर असा की चहाचा कप तोंडाशी न्यावासा वाटत नाही.

किती दिवस? तर नवं नख मुळापासून पूर्ण वाढून येईपर्यंत. डॉक्टर म्हणाला होता, सहा महिने तरी धरा. मी मनातल्या मनात हिशोब केला. बाळही जानेवारीच्या शेवटीच आहे.

ठीक आहे. लावते. हिच्याच औषधानं हिचं तोंड बंद करते. जानेवारीत हा अंगठा तिच्या नाकासमोर धरीन आणि म्हणेन — आण इकडे बाळ!

१४ जुलै

कणकीला हात लावायचा नाही. भांड्यांना लावायचा नाही. धुण्याला नाही. मी माझ्याच स्वयंपाकघरात पाटावर बसून, पाहुणी आल्यासारखी.

सकाळी वच्छला ओकाऱ्या काढत काढत भांडी घासत होती. दोनदा उठून न्हाणीत गेली. मी म्हटलं, सरक, मी घासते. तर नाही! मी म्हटलं, "काय विटाळ होते काय वं माझ्या हाताचा?" शाळेत 'मला-तुला' शिकवता शिकवता जन्म गेला, पण राग आला की तोंडात गावच येतं.

म्हणाली, "आई, पाण्यात हात घातला तर औषध काम नाही करत."

औषध, औषध! पाठ करून ठेवलंय. काही म्हणा, उत्तर तयार. रागानं मी भाताचं पातेलं तसंच आपटलं आणि बाहेर येऊन बसले.

१५ जुलै

विश्वनाथला म्हटलं, तुझी बायको मला वाळीत टाकते ते दिसतं का तुला? तो हिंगण्याहून सेकंड शिफ्ट करून आलेला. म्हणाला, "आई, नख आहे गा ते. नखाचं एवढं काय." आईला 'गा' म्हणतो, गड्याला म्हणतात तसं! कारखान्यात राहून राहून जीभही गंजली याची.

बैल आहे. बायकोचा बैल.

२ ऑगस्ट

लावलं. काही फरक नाही.

१९ ऑगस्ट

मुळाशी गुलाबी दिसलं! अगदी बारीक, तांदळाच्या कणीएवढं. आधी वाटलं डोळ्यांचा भास. उजेडात जाऊन चष्मा लावून पाहिलं. खरंच आहे. पिवळं नख वर सरकलंय आणि खालून नवं येऊन राहिलं.

कोणाला सांगितलं नाही. कशाला सांगायचं? पण वच्छलाची नजर घारीची. पोळी वाढता वाढता माझा हात धरला आणि खिडकीपाशी नेला. "दिसलं! आई, दिसलं! पहा नं!" पोरीसारखी उड्या मारत होती, पाचवा महिना लागेल आता, अक्कल नाही.

मी हात ओढून घेतला. म्हटलं, हात आहे, बाजारातलं वांगं नव्हे चाचपून पाहायला. तोंड एवढंसं झालं तिचं. होऊ दे. माझं झालं होतं तेव्हा कोणी पाहिलं?

५ सप्टेंबर

आज शिक्षक दिन. जुन्या पोरी आल्या, फुलं घेऊन. त्यांतली इंदू, चौथीत पाढे चुकायची, तिला आता तीन आठवड्यांचं बाळ. म्हणाली, "बाई, उद्यापासून तुम्हीच या न्हाऊ घालाले. माझ्या सासूले जमत नाही. बाळाचं डोकं एकीकडून दबलं आहे."

मला काय आनंद झाला! बाळ घेतलंसुद्धा मांडीवर. डोकं पाहिलं — आठ दिवसांचं काम, जास्त नाही. हो म्हणणार, तेवढ्यात आतून वच्छला चहा घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, आईंच्या हाताले औषध सुरू आहे. अजून चार महिने नाही जमणार."

चारचौघींत! इंदूनं बाळ लगेच उचलून घेतलं. हळूच, पण लगेच. वरून हसून म्हणते, "काही नाही बाई, मग पाहू."

पोरी गेल्यावर मी वच्छलाला जे बोलले ते लिहीत नाही. तिच्या बापाचंही काढलं. तिनं ऐकून घेतलं, कपबशा उचलल्या आणि धुवायला गेली. उलट बोलली असती तर बरं वाटलं असतं!

६ सप्टेंबर

चार महिने! तोवर गल्लीतली सगळी पोरं न्हाऊन मोठी होतील.

रंभाबाई म्हणाली, "काहून त्या शिशीच्या मागं लागली वं यमुताई? बिब्ब्याचा एक चटका दे. बुरशी काय, तिचा बाप जाते!" तिच्या नवऱ्याच्या टाचेच्या भेगा बिब्ब्यानंच गेल्या. आमच्या गावीही सगळे बिब्बाच लावायचे. तेव्हा कुठे होते चामडीचे डॉक्टर?

वच्छला दवाखान्यात तपासायला गेली होती. रंभाबाईनं बिब्बा दाभणावर टोचला, दिव्यावर धरला. काळं तेल सुटलं. भोवतीनं चुन्याचं कडं केलं होतं, तेल पसरू नये म्हणून. तीन थेंब नखावर. चर्र झालं, पण सोसलं. उद्यापर्यंत पहा म्हणाली.

पाहतेच.

७ सप्टेंबर

रात्रीपासून आग. अंगठा टम्म सुजला. चुन्याचं कडं काही उपयोगाचं नाही, बोटांच्या मधे पाण्याचे फोड आले.

९ सप्टेंबर

डाव्या हातानं लिहिते आहे. अक्षर पहिलीतल्या पोराचं. बिब्बा उतला. मनगटापर्यंत फोड, आणि तोच हात झोपेत तोंडाला लागला असेल — उजवा डोळा मिटला, ओठ सुजून वर आला. आरशात पाहवत नाही.

वच्छलानं पाहिलं आणि किंचाळलीच. "बिब्बा? बिब्बा लावला? दोन महिन्यांची मेहनत आई! दोन महिन्यांची!" रडायलाच लागली. मी म्हटलं, अंगठा माझा, मेहनत माझी, तुझं काय गेलं? पण ओठ सुजल्यामुळे नीट बोलताही येईना. भांडायचीसुद्धा सोय राहिली नाही.

रंभाबाई तेव्हापासून फिरकली नाही. आग लावून मोकळी!

१२ सप्टेंबर

दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टर मला रागावला. मला! त्याच्या वयाची पोरं मी बाकावर उभी केली आहेत. म्हणाला, फोड पूर्ण बरे होईपर्यंत नखाचं औषध बंद. म्हणजे शर्यतीत मी मागं.

वच्छला रोज हात धुऊन देते, खोबरेल लावते, कापूस बदलते. आता तिच्याही मनगटावर पुरळ उठलं. कोणी सांगितलं होतं हात लावायला? तेव्हा नाही आठवलं वेगळं-बिगळं! पोटुशी बाई, बिब्ब्याच्या हाताला हात लावते, म्हणजे शहाणपण कमीच. तिला तसं म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, "तुम्ही हलू नका आधी."

२७ सप्टेंबर

फोड वाळले. कातडी सोलून निघाली. नख मात्र आहे तिथंच, गुलाबीही आणि पिवळंही. आजपासून पुन्हा औषध.

बिब्ब्याचं नाव या घरात काढायचं नाही असं मीच सांगितलं सगळ्यांना. कोणी काढलंही नव्हतं म्हणा.

८ ऑक्टोबर

दसरा, आमच्या दीक्षेचा दिवस. दरवर्षीसारखी गावाकडची वीस माणसं उतरली घरात. अंगणभर अंथरुणं. दरवर्षी मी पहाटेपासून उभी राहते, कणकीचा डोंगर मळते. यंदा वच्छला, सहावा महिना, कमरेवर हात ठेवून पोळ्या लाटत होती. मला दिलं होतं वाढायचं काम, तेही रबरी मोजे घालून, आत सुती मोजे! बाजारातल्या बाहुलीसारखी दिसत होते मी.

माझी मावसबहीण जयवंता पाहत होती. वरणाची वाटी पुढे करत सगळ्यांसमोर म्हणाली, "काहून वं यमुने, सुनेनं तुले आतापासूनच वेगळं काढलं का?"

सगळे हसले. थट्टाच होती. पण आजच्या दिवशी! आजच्याच दिवशी हे ऐकावं मी! मी म्हटलं, "औषध सुरू आहे, पाण्यात हात घातला तर काम करत नाही."

वच्छलाचीच वाक्यं माझ्या तोंडात! जीभ उपटून टाकावीशी वाटली. चुलीपाशी वच्छलानं वळून पाहिलं माझ्याकडे. मी दुसरीकडे पाहिलं.

१८ ऑक्टोबर

लावलं. अर्ध्याच्या थोडं खाली आहे गुलाबी. नखाच्या मधोमध बिब्ब्याचा काळा डाग, तोही वर सरकतो आहे.

२९ ऑक्टोबर

भाऊबीज. आणि दारात कोण? वच्छलाचा भाऊ, रुपराव! दोन वर्षांत मेली की जगली विचारलं नाही, आणि आज फेटा बांधून हजर. वच्छला धावत गेली, पोट सावरत. रडली, हसली, पुन्हा रडली.

मी खुर्ची दिली. पाणी दिलं. "आत्ताच पिऊन आलो." चहा? "चहा सोडला." चिवडा, करंजी? "पोट बरं नाही." मग वच्छलानं ओवाळलं आणि फळांची ताटली पुढे केली, तर त्यानं केळं घेतलं. स्वतः सोलून खाल्लं, साल खिशातल्या कागदात गुंडाळली.

केळं! मला काय कळत नाही? आमच्या घरचं पाणी चालत नाही, शिजवलेलं चालत नाही. केळ्याला साल असते, आत आमचा हात लागलेला नसतो. असली केळी खाणारे मी लहानपणापासून पाहत आले. तोंडावर बोलावंसं वाटलं होतं — पोट बरं नाही तर केळं कसं चालतं रे? पण सणाचा दिवस, सुनेचा भाऊ. गिळलं.

आणि आला कशाला? "आई लय रडते. म्हणते पहिलं बाळंतपण माहेरीच झालं पाहिजे. बाबाही तयार झाले. वच्छलाले पाठवा."

बाळंतपण! म्हणजे बाळ तिकडे, पहिलं न्हाणं तिकडे!

३० ऑक्टोबर

मोठं भांडण.

मी म्हटलं, तुझ्या भावानं घोटभर पाणी घेतलं नाही इथं, दिसलं ना तुला? म्हणाली, दिसलं. तरी जातेस? म्हणाली, "दोन वर्षं झाले आई, मी आईचं तोंड नाही पाहिलं. बाळ सव्वा महिन्याचं झालं का येतो नं. तोपर्यंत तुमचं नखही साफ होईन."

सव्वा महिना! बाळाचं डोकं, नाक, हातपाय घडवायचे ते पहिल्या महिन्यात. सव्वा महिन्यानंतर काय राहतं, फक्त अंघोळ! आणि मग या सगळ्याचं काय? सकाळ-संध्याकाळ अंगठा वर धरून बसले ती काय हौस होती?

रागाच्या भरात म्हणाले, "जा, जा तुझ्या माणसांत! तिथं कोणाले वेगळा टॉवेल नाही लागत!"

ती भिंतीला टेकून खाली बसली. विश्वनाथ मध्ये पडला, तर त्यालाही झाडला.

१४ नोव्हेंबर

गेली. रुपराव बैलगाडी घेऊन स्टँडवर येणार होता तिकडच्या. विश्वनाथ पोचवून आला.

जाताना माझ्या पाया पडायला वाकत होती, पोट आडवं आलं. मी म्हटलं, राहू दे. मग औषधाची बाटली विश्वनाथच्या हातात दिली आणि त्याला पाठ म्हणून दाखवायला लावलं — आधी कापायचं, मग घासायचं, मग कोरडं, मग औषध. मला नाही सांगितलं, त्याला सांगितलं! जसं काही मी बालवाडीतली.

१६ नोव्हेंबर

लावलं नाही. कशाला लावू? कोणाच्या बाळासाठी? साफ नखाचं काय लोणचं घालायचं आहे?

१७ नोव्हेंबर

नाही लावलं.

२० नोव्हेंबर

विश्वनाथ बाटली घेऊन समोर बसला. हलेना. शिफ्टला उशीर झाला तरी हलेना. शेवटी म्हटलं, दे इकडे, नाहीतर कारखाना बंद पडेल तुझ्यामुळे.

लावलं.

२१ नोव्हेंबर

लावलं.

२९ नोव्हेंबर

लावलं. बिब्ब्याचा डाग आज नेलकटरनं कापून निघाला. वर पिवळी किनार तेवढी राहिली. मला बरं वाटलं, लपवून काय करू, या वहीत कोण पाहतं. दाखवायला मात्र कोणी नाही. रंभाबाई आली होती, तोंड वर करून म्हणते, "पहा, माझ्या बिब्ब्यानंच गेली नं बुरशी!" हाकललं नाही तिला, पण चहाही केला नाही.

घर भकास वाटतं. कणीक आता मीच मळते, मोजे घालून. चिकटते मोज्यांना.

१३ डिसेंबर

रविवार. विश्वनाथ सासरी जाऊन आला. सकाळी खारकेची पिशवी घेऊन हसत गेला, दिवे लागायच्या आत परत. मी म्हटलं, राहिला नाहीस? "कशाला." कशी आहे? "बरी आहे." तुला जेवायला वाढलं का? "भूक नव्हती." चहा? बूट काढत राहिला.

कळलं मला. माझ्या लेकाला बाहेर बसवलं असणार त्या लोकांनी. जावई म्हणून गेला, आणि बाहेर! आणि ती? ती आत, आईच्या चुलीपाशी, ऊन ऊन खात बसली असेल. नवऱ्याला बाहेर बसवलेलं दिसलं नसेल तिला? दिसलं असेल. पण तिची ती माणसं. शेवटी ती तिकडचीच! मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते.

हे बाळ इथं आलं तरी आमचं राहील की नाही, देव — नाही, देवाला मी मानत नाही. कोणालाच माहीत नाही.

१४ डिसेंबर

लावलं.

१९ डिसेंबर

दुपारी वच्छला दारात उभी. एकटी. आठवा संपत आलेला, आणि एसटीनं आली, अर्धी वाट उभ्यानं.

मी तोंड उघडणारच होते, तर तीच बोलली, उंबऱ्याबाहेरूनच. माहेरी महिनाभर तिला गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं होतं. चुलीपाशी यायचं नाही. विहिरीला हात लावायचा नाही. जेवण पत्रावळीवर, लांबून सरकवलेलं, पत्रावळ तिची तिनंच उचलून टाकायची. विश्वनाथला तिनंच सांगितलं होतं, घरी आईंजवळ काही बोलू नका. जन्मदाती आई निदान डोळ्यांसमोर आहे म्हणून सगळं सोसलं. काल तिनं विचारलं, बाळाले न्हाऊ कोण घालीन? तर सख्खी आई म्हणाली — "तुमच्यातली एखादी बाई पाहून देऊ."

तुमच्यातली! पोटच्या पोरीला!

"मी म्हटलं, नोको पाहू," वच्छला म्हणाली. "आमच्यातली बाई हाये मले, नागपूरले."

मी तिला सांगितलं, नख अजून टोकाशी पिवळं आहे. म्हणाली, "अजून महिना आहे नं आई."

मी म्हटलं, "आधी आत ये वं."